घरखरेदीची करसवलत : लाभ कोणाचा, भार कोणाचा?



या पत्रिकेतून आम्ही एरव्ही लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खोडव्यातील पाचट आणि मोठ्या बांधणीचा खताचा डोस याच गोष्टी बोलत असतो. या खेपेस विषय घरांचा घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने घरांवर काय बोलावे, असे काहींच्या मनात येईल. परंतु गेल्या काही हंगामांत शिवारात फिरताना उसाच्या बिलाचे काय करणार असे विचारले, की दर दोन-तीन वस्त्यांमागे एक उत्तर हमखास येते, "पोराचा पुण्याकडं फ्लॅट बुक केलाय, तिकडं भरायचेत." आणि पाठोपाठ दुसरे वाक्य, "पहिलं घर घेणाऱ्याला सरकार करात सवलत देतंय म्हणे, मग परवडतंय."

हे "मग परवडतंय" खरे आहे काय, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे. कारण त्या फ्लॅटचा पहिला हप्ता उसाच्या सरीतून जातो. जेथे पैसा कमी पडतो तेथे खताचा डोस चुकतो, ठिबकची दुरुस्ती राहते आणि शेवटी बांधाकडेचे दोन-चार गुंठे विकायला निघतात. तेव्हा हा विषय आमच्या खात्याबाहेरचा आहे असे आम्ही मानत नाही.

सवलत होती कशी, आज आहे कशी

प्रथम सवलत काय आहे ते नीट पाहू. घरकर्जावरच्या व्याजाची वजावट प्राप्तिकरात जुनीच आहे. स्वतः राहत्या घरासाठी तिची मर्यादा २०१४ मध्ये दीड लाखावरून २ लाख झाली. त्याखेरीज "पहिलेच घर" घेणाऱ्यांसाठी सरकारने वेळोवेळी जादा वजावट दिली. २०१३ च्या अर्थसंकल्पात ४० लाखांपर्यंतच्या घरावर आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १ लाखाची जादा वजावट आली, ती त्या एका वर्षात मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. २०१६ मध्ये ५० लाखांपर्यंतच्या घरासाठी ५०,००० रुपयांची वजावट आली. २०१९ मध्ये ४५ लाखांपर्यंतच्या घरासाठी दीड लाखाची जादा वजावट आली, तिची मुदत दोनदा वाढली आणि ३१ मार्च २०२२ ला ती संपली. त्यानंतर मंजूर झालेल्या कर्जाला ही जादा वजावट मिळत नाही.

म्हणजे ज्या सवलतीच्या भरवशावर आज पुष्कळ घरांत हिशेब चालू आहे, ती नव्या कर्जाला उरलेलीच नाही. दुसरी गोष्ट अशी, की प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची नेहमीची वजावटही मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून हीच नवी पद्धत आपोआप लागू होणारी ठरली आहे. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यामुळे कलमांचे आकडेही बदलले. सुप्याच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात वर्षाला सहा-सात लाख मिळवणाऱ्या आपल्या मुलाला करच पडत नसेल, तर करातील सवलत त्याला कशातून मिळणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

शेतकऱ्याचे तर विचारूच नका. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की ज्याचे पोट निव्वळ शेतीवर आहे त्याने कर्ज काढून घर बांधले, तर करसवलतीचा एक पैसाही त्याच्या वाट्याला येत नाही. जो कर भरतो त्याला सवलत, आणि जो जास्त भरतो त्याला जास्त सवलत, अशी या योजनेची मूळ घडणच आहे.

हिशेब मांडून पाहू

तोंडी बोलण्यापेक्षा आकडे बरे. ४० लाखांचा फ्लॅट, त्यावर ३० लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे असे धरा. महिन्याचा हप्ता २६,००० रुपयांच्या आसपास बसतो. पहिल्या वर्षी त्यातले सुमारे २ लाख ५२ हजार ७०० रुपये नुसते व्याज असते. २ लाखांची नेहमीची वजावट गेली, की पहिल्या घराच्या जादा सवलतीला उरतात ५२,७०० रुपये. २०१९ ते २०२२ च्या दरम्यान कर्ज घेतलेल्या आणि जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या माणसाचा कर यातून किती वाचतो? उपकर धरून ३० टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाचे वर्षाला सुमारे १६,४०० रुपये वाचतात, २० टक्क्यांवरच्याचे ११,००० आणि ५ टक्क्यांवरच्याला करच पडत नसल्याने त्याचे काहीच नाही. घर तेच, कर्ज तेच, व्याजही तेच. पण मोठ्या पगाराच्या साहेबाला साडेसोळा हजारांच्या आसपास, लहान पगाराच्या कारकुनाला शून्य आणि शेतकऱ्यालाही शून्य.

आता दुसरी बाजू पाहा. सवलत आहे म्हणून गिऱ्हाईक वाढले आणि विकणाऱ्याने त्याच फ्लॅटचा भाव १ लाखाने चढवला. हा लाख कर्जात गेला तर हप्ता महिन्याला सुमारे ८७० रुपयांनी वाढतो, म्हणजे वर्षाला १०,४०० रुपये. २० टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाची सवलत येथेच जवळजवळ पुसली गेली, आणि ५ टक्क्यांवरचा तर तोट्यात गेला. शिवाय कर्ज फिटत जाते तसे व्याज कमी होते. वरच्या हिशेबात नवव्या वर्षापासून व्याज २ लाखांच्या आत येते आणि जादा सवलत बंद पडते. वाढीव भावाचा हप्ता मात्र विसाव्या वर्षापर्यंत चालूच राहतो. ज्याला सवलत मुळात मिळतच नाही त्यालाही घर घ्यायचे तर त्याच चढ्या भावाने घ्यावे लागते, हे आणखी वेगळे.

भाव खरोखर चढतो का?

यावर कोणी म्हणेल, की सवलतीमुळेच भाव चढतो असे कशावरून? शंका रास्त आहे. भाव चढण्याची कारणे अनेक असतात. जमीन, सिमेंट, लोखंड, मजुरी, व्याजाचे दर, रस्ता-पाण्याची सोय, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु सवलतीचा भाग समजण्यासाठी आपल्याच धंद्यातले उदाहरण घेऊ.

समजा, एखाद्या नव्या वाणाच्या बेण्याला कारखान्याने गुंठ्यामागे काही रक्कम अनुदान जाहीर केले, पण गटात बेणे मळे आहेत दोनच. आडसालीची लागण तोंडावर आली आहे आणि अनुदान ऐकून चाळीस जण त्या दोघांच्या बांधावर उभे राहिले. बेणे तेवढेच आहे, मागणारे वाढले आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात अनुदानाची रक्कम जादा आहे. मग बेणेवाला काय करील? भाव वाढवील. यात तो चोर ठरत नाही, बाजार असाच चालतो. अनुदान शेतकऱ्याच्या नावाने निघते आणि बेणेवाल्याच्या घरी पोहोचते. म्हणून जाणकार कारखाने पाडेगाव किंवा मांजरी येथून मूलभूत बेणे आणून आधी त्रिस्तरीय बेणे मळे वाढवतात आणि अनुदान द्यायचे ते त्यानंतर देतात. मळे भरपूर झाले, की तेच अनुदान लागण करणाऱ्याच्या पदरात पडते.

घरांचेही असेच आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून २०२३ पर्यंत नवे घर घेणाऱ्याला सरकारकडून कर्जाऊ मदत देण्याची मोठी योजना चालली. लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेतील संशोधकांनी तिचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की लंडनमध्ये, जेथे बांधायला जागाच नाही, तेथे नव्या घरांचे भाव चढले आणि बांधकाम काही वाढले नाही. पण वेल्सच्या सीमेकडे, जेथे मोकळी जमीन आहे आणि परवानगी सहज मिळते, तेथे भाव न वाढता घरे जास्त बांधली गेली. एकच देश, एकच योजना, पण फळ दोन तऱ्हेचे. हा अभ्यास मन लावून समजून घेण्यासारखा आहे, कारण सवलत वाईटच असते असे तो म्हणत नाही. घरे वाढू शकतात तेथे ती घर घेणाऱ्याला पोहोचते, जागा अडलेली असेल तेथे ती विकणाऱ्याला पोहोचते, एवढाच त्याचा सांगावा आहे.

आपल्या राज्यातही २०२० साली एक वेगळ्या तऱ्हेची सवलत आली होती. करोनाच्या काळात सरकारने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर ३ टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ असे २ टक्क्यांनी कमी केले. डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयांत केवढी गर्दी उसळली हे पुष्कळांना आठवत असेल. ठप्प झालेल्या धंद्याला त्यातून ऊब मिळाली हे मान्य केले पाहिजे. पण मुदतीची सवलत आली, की पुढच्या वर्षी घर घेणारा माणूसही याच वर्षी रांगेत उभा राहतो. घाईतल्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही, हे बैलबाजारात उभे राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

राळेगणसिद्धीचा धडा

दूरच्या देशाचे कशाला, आपल्या जिल्ह्यातच या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे अवर्षणी गाव. पाऊस चांगला झाला तरी चारशे-पाचशे मिलिमीटर. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून गावी परतले. यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून कामाला सुरुवात झाली, आणि पुढे नालाबांध, पाझर तलाव, समतल चर, झाडे लावणे ही कामे श्रमदानातून आणि सरकारी योजनांतून उभी राहिली. विहिरींना पाणी आले. पण त्यानंतर गावाने जे केले ते जास्त महत्त्वाचे आहे. पाणी आले म्हणून मोकाट उपसा करू दिला नाही. सामुदायिक विहिरी काढल्या, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या आणि जादा पाणी पिणाऱ्या पिकांना, म्हणजे आपल्या उसालासुद्धा, आळा घातला. आम्ही ऊसवाले असूनही त्या गावाला याबद्दल कधी बोल लावला नाही. जेथे पाणी तेवढे नाही तेथे ऊस नको, हे सांगण्यात ऊस विकासाचा कमीपणा नाही.

आता कल्पना करा, की राळेगणने बांध-बंधारे न घालता नुसते मोटारींना अनुदान वाटले असते. प्रत्येकाच्या विहिरीवर मोटार बसली असती. पहिल्या वर्षी सगळे खूश झाले असते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडून बोअर खोल खोल गेले असते. ज्याचा बोअर सर्वांत खोल त्याचेच शिवार हिरवे राहिले असते. घर घेणाऱ्याला करसवलत आणि बांधायला मात्र जागा नाही, रस्ता नाही, पाणी नाही, परवानगी नाही, हा प्रकार मोटारीच्या अनुदानाचाच आहे. सवलत म्हणजे उपसा आणि नवी घरे म्हणजे साठा. राळेगणने आधी साठा केला आणि मग उपशाची शिस्त लावली.

त्याच गावाने घरांच्या बाबतीतही एक उदाहरण घालून दिले आहे. गावातील दलित कुटुंबांची घरे बांधण्यास गावकऱ्यांनी श्रमदानाने हातभार लावला, आणि त्यांच्यावरचे कर्ज फेडण्यासाठी गाव त्यांच्या शेतात राबले. कोणाच्या नावाने वजावट काढून हे झालेले नाही. गावात नवी घरे उभी राहिली, म्हणजे साठ्यात भर पडली.

मधल्या शेतकऱ्याची कोंडी

सर्वांत मोठा प्रश्न आपल्या सभासदाचा आहे. ग्रामीण भागात गरिबासाठी घरकुलाची योजना आहे. १९८५ पासूनच्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तीत सपाटीच्या भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि २०२५ मध्ये राज्याने त्यात ५०,००० ची भर घातली. योजना चांगली आहे, गरजूंना ती मिळालीच पाहिजे. पण अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत जमीन असलेले कुटुंब तिच्यातून आपोआप वगळले जाते. ५०,००० किंवा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असले तरी वगळले जाते. म्हणजे तीन एकर उसाचा सभासद घरकुलाच्या दृष्टीने श्रीमंत, आणि प्राप्तिकराच्या सवलतीच्या दृष्टीने खातेच नसलेला. इकडे आड, तिकडे विहीर.

शहरासाठी सप्टेंबर २०२४ पासून नवी आवास योजना आहे. तीत ३५ लाखांपर्यंतचे घर, २५ लाखांपर्यंतचे कर्ज आणि ९ लाखांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाची सूट मिळते, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. ही पद्धत करसवलतीपेक्षा आम्हाला अधिक न्याय्य वाटते, कारण ती माणूस कराच्या कोणत्या पायरीवर आहे हे पाहत नाही. पण ती नागरी क्षेत्रापुरती आहे. त्याच मुलाने गावठाणात वडिलांच्या घराशेजारी चार खोल्या बांधायच्या म्हटल्या, तर ही सूट त्याला नाही. सरकारच्या मनात असो वा नसो, सवलतीचा रस्ता मुलाला गावाबाहेरच नेतो.

आणखी एक गुंता "पहिले घर" या शब्दातच आहे. नोकरदाराचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुले. आपल्याकडे घर आजोबांनी बांधलेले, नमुना आठवर नाव चुलत्याचे, राहतात तिघे भाऊ, आणि एखाद्या वेळी वाटणीत मुलाचे नाव चढलेले. योजना विचारते, अर्जदार कुटुंबाच्या नावावर देशात कोठेही पक्के घर आहे काय? वाटणीतली एक खोली नावावर असेल तरी प्रश्न उभा राहतो. म्हणून फ्लॅटची इसार देण्यापूर्वी गावातल्या घराचा उतारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. दडवादडवी मात्र करू नये. खोट्या प्रतिज्ञापत्रावर मिळालेली सूट पुढे वसूल होते आणि वर मुलाची नाचक्की होते.

उसाच्या टनात घराचा भाव

आता मूळ मुद्द्यावर येऊ. वरचा ४० लाखांचा फ्लॅट पुण्यात घ्यायचा तर ३० लाख बँक देईल आणि १० लाख आपण घालायचे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार, आणि नोंदणी ३० हजार. झाले १३ लाख १० हजार. हे सगळे रोख लागते आणि त्यावर कोणतेही व्याज नसल्याने व्याजाची वजावट तेथे कामी येत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होता. तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात ३,००० पडले असे धरा. १३ लाख १० हजारांसाठी सुमारे ४३७ टन ऊस लागतो. एकरी ४० टन पडला तर जवळजवळ ११ एकरांचे सबंध पीक, तेही खत, पाणी, मजुरी यांचा एक रुपया न धरता. आपल्यापैकी कितीजणांकडे ११ एकर ऊस आहे?

ज्यांच्याकडे नाही ते काय करतात हे आम्ही बांधावर पाहतो. पीक कर्ज उचलतात आणि ते बुकिंगला लावतात. हे कर्ज वेळेत फेडले तर ३ लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडत नाही. तेच थकले की व्याजाची सूट जाते, पुढच्या वर्षीचे कर्ज अडते आणि सावकाराची पायरी चढावी लागते. इकडे लागणीला पहिला डोस कसाबसा पडतो, मोठ्या बांधणीचा डोस राहून जातो आणि चाळीस टनांचे रान तिसावर येते. एकरी दहा टन गेले म्हणजे ३०,००० रुपये गेले. सवलतीने वर्षाला ११,००० वाचवायचे आणि एका एकरात ३०,००० घालवायचे, याला कोणता हिशेब म्हणावा?

दुसरी वाट जमीन विकण्याची. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास आणि नगर-पुणे रस्त्याला जमिनीला आज गिऱ्हाईक आहे. मुलाचा संसार मार्गी लागावा म्हणून बाप जमीन विकतो, त्याच्या मायेबद्दल आम्ही काय बोलावे! पण विकलेली बागायत जमीन परत मिळत नाही. फ्लॅट राहायला आसरा देतो. जमीन दरवर्षी पीक देते आणि मुलाची नोकरी गेली तर परतायला जागाही देते. करोनाच्या टाळेबंदीत शहरातून माणसे कोठे आली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आम्ही काय मागतो

मुलांनी शहरात घर घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. नोकरी तेथे असेल तर घरही तेथे लागेल. करसवलतीलाही आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच, की सरकारचा पैसा घर घेणाऱ्याच्या पदरात पडावा आणि तो देताना गावाला डावलू नये. त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात.

पहिली, मदत कराच्या पायरीवर न देता सर्वांना सारख्या रकमेची द्यावी, आणि शेतीवर जगणाऱ्यालाही ती मिळावी. दुसरी, शहरात मिळते तशी व्याजाची सूट गावठाणात पक्के घर बांधणाऱ्यालाही मिळावी. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत निवासी वापरासाठी वेगळ्या बिनशेती परवानगीची गरज आता कायद्याने ठेवलेली नाही, म्हणजे जागेचा अडसर पुष्कळ कमी झाला आहे. येथे सवलत दिली तर भाव चढण्यापेक्षा घरे वाढण्याचा संभव जास्त. तिसरी, सुपे, रांजणगाव यांसारख्या वसाहतींजवळ रस्ता, पाणी, गटार केलेले भूखंड सरकारने आधी तयार करावेत. चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, मदत एकेकट्या गिऱ्हाइकाला देण्याऐवजी सहकारी गृहनिर्माण संस्थांना द्यावी.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली ती १९१५ साली, म्हणजे प्रवरेचा कारखाना उभा राहण्याच्या पस्तीस वर्षे आधी. अलीकडचे उदाहरण सोलापूरचे. तेथील विडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर कुंभारी येथे आधी १० हजार घरांची वसाहत उभी केली. पुढे रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प घेतला गेला आणि त्यातील १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या बायकांना बँका दारात उभ्या करीत नव्हत्या. त्या एकत्र आल्या, जमीन एकत्र घेतली, सरकारची मदत थेट बांधकामात गेली. ज्यांना सहकाराचे बाळकडू मिळाले आहे त्या आपल्याला हे अवघड का वाटावे? सुप्याला किंवा शिरूरला कामाला असलेली आपल्या सभासदांची शंभर मुले एकत्र येऊन एक गृहसंस्था काढू शकत नाहीत काय? वार्षिक सभेत हा विषय कोणीतरी मांडावा, अशी आमची विनंती आहे.

तोवर आपण काय करावे

तोपर्यंत घर घेणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. हिशेब सवलत शून्य धरून मांडावा. त्यात जमले तर घ्यावे आणि सवलत मिळाली तर ती वरकड समजावी. फक्त सवलतीच्या मर्यादेत बसते म्हणून घर पसंत करू नये, चटई क्षेत्र किती मिळते ते मोजून घ्यावे. प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खरेदी केवळ घरातील स्त्रीच्या नावे केली तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे ४० लाखांवर ४० हजार रुपये. ही सूट आज, रोख आणि खात्रीची आहे. सुनेच्या किंवा पत्नीच्या नावे घर होण्यात घराचेही भलेच आहे. गावातल्या घराची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून ठेवावी, उद्या बँकेपुढे तोच कागद उभा राहतो. पीक कर्जाला मात्र फ्लॅटसाठी हात लावू नये. त्या पैशाचा धनी ऊस आहे.

गव्हाण पूजन झाले, की आमचे कर्मचारी नोंदी घेऊन आपल्या बांधावर येतीलच. त्या वेळी उसाबरोबर हा घराचा हिशेबही त्यांच्यापुढे मांडायला संकोच करू नका. कागद-पेन्सिल घेऊन बसले, की दहा मिनिटांत कळते, घर परवडते की नुसती सवलत गोड वाटते. आणि मोठ्या बांधणीचा डोस वेळेवर टाका, हे सांगायचे आम्ही याही अंकात विसरत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग